माडीवरचे यंत्र आणि मागील दार

चवथीला गावी गेलो की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो, "हैदराबादेत तू नेमके काय करतोस रे?" पूर्वी "कॉम्प्युटर" एवढे उत्तर पुरत असे. आता घरोघरी पोरे कॉम्प्युटरवालीच झाल्यामुळे ते पुरत नाही. मग मी सांगतो, "दारे बसवतो." ऐकणाऱ्याला वाटते थट्टा करतो आहे. पण खरेच, गेली कित्येक वर्षे माझ्या कामाचा मोठा हिस्सा हाच आहे. जी यंत्रे हाताला लागत नाहीत, त्यांना मागील दारे बसवायची.

जरा उलगडून सांगतो. आमच्या डिचोलीकडच्या जुन्या घरात भावाभावांचे वाटे पडले की काय होते ते आठवा. छप्पर एक, विहीर एक, अंगणातली तुळस एक, पण चुली चार. प्रत्येक चुलीपाशी बसलेल्याला वाटते की घर ते आपले. व्हर्च्युअल मशीन म्हणजे असेच. लोखंडाचे यंत्र एकच, पण त्याच्या पोटात चार-पाच यंत्रे नांदतात आणि प्रत्येकाची समजूत अशी की प्रोसेसर माझा, मेमरी माझी, डिस्क माझी. मोठ्या यंत्राला आमच्या धंद्यात यजमान म्हणतात आणि आतल्यांना पाहुणे. (हे शब्द मी मराठी ब्लॉगासाठी बनवले नाहीत, इंग्रजीतही तेच आहेत. संसाराची भाषा सगळीकडे सारखीच असते बहुधा.)

आता या पाहुण्याशी बोलायचे कसे? नेहमीचा रस्ता नेटवर्कचा. एसएसएच नावाच्या पुढच्या दाराने जायचे, किल्ली दाखवायची, आत शिरायचे. पण नेटवर्कच बिघडले तर? पत्त्याची एखादी ओळ चुकली, फायरवॉलने स्वतःलाच कोंडून घेतले, किंवा यंत्र उठता उठता अर्ध्यावर अडले, तर पुढच्या दाराला आतून अडसर. लोखंडी यंत्र असेल तर आपण उठून त्याच्यापाशी जातो, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडतो. पण ज्या यंत्राला पाठच नाही, त्याला कीबोर्ड जोडणार कुठे? म्हणून त्याच्यासाठी एक खोटी तार कल्पावी लागते. तिचे एक टोक पाहुण्याच्या पोटात, दुसरे यजमानाच्या हातात. हाच कन्सोल. जुन्या घरात पुढच्या दाराने भटजी येतो, पाहुणे येतात. परसाकडच्या दाराने नुस्तेंकान्न येते, शेजारीण येते, रात्रीबेरात्री डॉक्टरला बोलवायला माणूस त्याच दाराने धावतो. संगणकवाले "बॅकडोअर" हा शब्द चोरवाटेसाठी वापरतात. मला तो घरंदाज दारावर अन्यायच वाटतो. असो.

कन्सोल या शब्दाची मला फार वर्षे गंमत वाटत आली आहे. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांत भिंतीला टेकून, वर आरसा आणि खाली वळणदार पाय असे एक अरुंद टेबल असते, तेही कन्सोल. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा वादक ज्या पट्ट्यांपाशी बसतो, त्या बैठकीलाही कन्सोलच म्हणतात. मुळात फ्रेंचमध्ये तो वजन पेलणारा भिंतीतला कोपरा, आपण ज्याला घोडा म्हणतो तसा. काहीजण त्याचे नाते "सांत्वन" या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. रात्री दोन वाजता अडलेल्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाला ही दुसरी व्युत्पत्तीच खरी वाटेल!

ही कल्पना नवीन नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० नावाची प्रणाली जाहीर केली तेव्हाच ती जमलेली होती. प्रत्येक वापरणाऱ्यासमोर टंकयंत्रासारखे एक टर्मिनल आणि तेच त्याच्या खोट्या यंत्राचा कन्सोल. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, ते टेलिटाइप या तारयंत्रावरून. खिडकीत ओळ ८० अक्षरांची मिळते, ती आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या भोकपत्रांची आठवण. आमच्या धंद्यात श्राद्ध-पक्ष नसले तरी पूर्वज मात्र असे जागोजागी बसलेले असतात.

मी हैदराबादेत आलो २००८ साली. सायबर टॉवर्सला तेव्हा दहा वर्षे झाली होती, माधापूरच्या खडकांतून काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम शिरून जेमतेम वर्ष उलटले होते. माझे पहिले तीन-चार वर्षांचे आयुष्य हाय-टेक सिटी आणि कोंडापूर यांच्यामध्येच गेले. तिथे राहणाऱ्याला हैदराबादेत मराठी माणूस आहे हे कळायलाही वेळ लागतो. जुने मराठी हैदराबाद मुशी नदीकडे, सुलतान बाजार, बडी चौडी, काचीगुडा, जांबाग या भागात. तिथे गल्लीत हाक ऐकू येते तीसुद्धा अर्धी मराठी, अर्धी दखनी.

गोवेकराला या वस्तीत एक वेगळीच ओळख पटते. आपण दोघेही पंधरा ऑगस्टला उशिरा पोचलेले! हैदराबाद १९४८ च्या सप्टेंबरात, आम्ही १९६१ च्या डिसेंबरात. आमच्या आजोबांची शाळा पोर्तुगीजमध्ये, यांच्या वडिलांचे कॉलेज उर्दूत. १९१८ साली स्थापलेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणेच उर्दूतून होते. दोन्हीकडे मराठी टिकली ती सरकारदरबारी नव्हे, घरात, देवळात, नाटकाच्या तालमीत आणि वाचनालयात. निजामी राज्यात सभा भरवायची तर परवानगी लागे. तरी १९३१ साली इथे मराठी साहित्य संमेलन भरले, ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते. कोठीचा रेसिडेन्सी बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली, म्हणजे तिथे निजामाचा हुकूम पुरता चालत नसे. शहराच्या पोटातच दुसरी हद्द. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि शहरातला मराठी माणूस आपल्या मुलखापासून तुटून इथेच राहिला. कामासाठी आलेल्या आमच्यासारख्यांना परदेशी वाटावे तर हे लोक उलट म्हणतात, "आम्ही कुठे आलो? आम्ही इथलेच. सरहद्द हलली."

हे वाक्य मला ज्यांनी ऐकवले, त्यांना मी काका म्हणतो. बडी चौडीच्या एका गल्लीत त्यांचे घर. एका जुन्या देवडीचा वाट्याला आलेला तुकडा. वर माडी, खाली चौक आणि त्यात एक लिंबोणीचे झाड. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वडिलांचे कागद होते. मोडीतली पत्रे, गणेशोत्सवाचे हिशेब, हाताने लिहिलेल्या मासिकाचे काही अंक आणि १९३८ ते १९४८ या दहा वर्षांच्या रोजनिश्या. रोजनिशी मराठीत, मधूनच उर्दू, तारखा फसली सनाच्या. १९३८ साली उस्मानियात वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतले बरेच नागपूरला शिकायला गेले, तेव्हा काकांचे वडील शहरात होते. कोण कोण गेले, कुणाच्या घरून डबे गेले, स्टेशनवर कोण सोडायला आले, सगळे त्यात होते. इतिहासाच्या पुस्तकात असल्या गोष्टी एका वाक्यात संपतात.

कागदांची अवस्था मात्र वाईट होती. पान उलटले की कोपरा बोटाला चिकटून येई. खालच्या ट्रंकेला वाळवी लागून गेलेली. काकांच्या नातीने स्कॅनर आणला आणि एकेक पान टिपायला सुरुवात केली. सगळे ठेवायचे कुठे, म्हणून मला बोलावणे आले. मी एका कार्यालयाने मोडीत काढलेले टॉवरसारखे यंत्र घेतले, डेबियन घातले, केव्हीएम आणि लिबव्हर्ट बसवले, आणि त्यात तीन पाहुणे केले. एकात स्कॅन, एकात त्यांची सूची, आणि तिसरा रात्री नक्कल करून ठेवणारा.

काकांनी पहिल्याच दिवशी विचारले, "हे एकात तीन कशाला? एकच ठेवा की, बंदोबस्त सोपा."

मी म्हटले, "काका, सूचीवाल्यात रोज बदल होणार, तो बिघडला तरी स्कॅनवाल्याला धक्का लागायला नको."

"हौ, हे बराबर. चूल वेगळी तर भांडण वेगळे." त्यांना लगेच पटले. देवडीत वाढलेला माणूस!

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तोच खरा होता. "तुम्ही गोव्याला निघून गेलात आणि हे उघडेनासे झाले, तर?"

इथून आमचे मागील दार सुरू झाले. एका रविवारी मियापूरहून मेट्रोत बसून उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर उतरलो, गल्लीच्या तोंडाशी इराणी चहा घेतला आणि माडीवर जाऊन बसलो. काका शेजारी खुर्ची टाकून.

चित्ररूप कन्सोल, म्हणजे व्हीएनसी, लिबव्हर्ट स्वतःच देऊ शकतो. पाहुण्याचा पडदा आपल्या खिडकीत दिसतो, माउस फिरतो. दिसायला छान. पण तो पडद्याचे चित्र पाठवतो, त्यामुळे मंद नेटवर वैताग येतो. शिवाय त्याचा पासवर्ड आठ अक्षरांपलीकडे पाहतच नाही. म्हणून ते दार यजमानाच्या आतल्या बाजूलाच उघडे ठेवायचे, १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर. बाहेरून यायचे तर एसएसएचच्या बोगद्यातून. जगाला उघडे ठेवलेले व्हीएनसी म्हणजे परसाचे दार उघडे टाकून जत्रेला जाणे.

मला हवा होता तो साधा, अक्षरांचा कन्सोल. सिरियल पोर्टचा. जुन्या मोडेमला जी तार जोडत असू, तिचीच ही कल्पित भावंड. पाहुण्याच्या व्याख्येत हा पोर्ट बहुतेक वेळा आपोआप असतो, पण तेवढ्याने काही होत नाही, कारण पाहुण्याला तिकडे बोलायचे असते हे कुणी सांगितलेलेच नसते. सांगायचे तीन ठिकाणी. आधी ग्रबला, म्हणजे यंत्र उठताना जो पहिला डोळे उघडतो त्याला, की तुझी यादी पडद्यावरही दाखव आणि सिरियलवरही. मग लिनक्सच्या गाभ्याला एक ओळ द्यायची: कन्सोल म्हणजे टीटीवाय-शून्य, आणि कन्सोल म्हणजे टीटीवायएस-शून्य, वेग १,१५,२००. दोन लिहिले तर शेवटचा तो मुख्य, उठतानाचा तपशील तिकडे जातो. हा क्रम फार लोक उलटा लावतात आणि मग ऐन वेळी अर्धाच मजकूर दिसतो. तिसरा, नाव विचारणारा दरवान, गेटी. ही ओळ दिली असली की सिस्टमडी त्याला आपणच उभा करते.

मग यजमानावरून "व्हर्श कन्सोल" आणि पाहुण्याचे नाव. पडदा काळा. काही नाही. नवख्या माणसाचा पहिला घाबरा क्षण हाच. काका म्हणाले, "गेले का?" मी एन्टर दाबले आणि "लॉगिन" हा शब्द उमटला. पाहुणा आधीच बोलून गप्प झालेला असतो, आपण उशिरा पोचलेले. एन्टर म्हणजे दारावरची टकटक. बाहेर पडायचे तर कंट्रोल आणि चौकोनी कंसाचे मिटते चिन्ह. ही खूण आठवत नाही म्हणून आत अडकलेले किती इंजिनीअर मी पाहिले आहेत! आणि एका वेळी एकच माणूस. दुसरा आला तर त्याला सांगितले जाते की आधीच कुणीतरी आत बसले आहे.

एक आनंदाची गोष्ट त्या दिवशी कळली. स्कॅनच्या फोल्डरांना नातीने मराठी नावे दिली होती. व्हीएनसीमध्ये लिनक्सचा काळा पडदा उघडला की ती नावे चौकोन होऊन दिसत. त्या पडद्याला देवनागरीची जोडाक्षरे मांडताच येत नाहीत, त्याच्याजवळ मोजकी चिन्हे. पण सिरियल कन्सोल नुसत्या बाइट पाठवतो, अक्षरे जुळवण्याचे काम माझ्या लॅपटॉपवरचे टर्मिनल करते. तिथे "रोजनिशी" आणि "गणेशोत्सव" स्वच्छ उमटले. दरिद्री तार, पण निरोप नीट पोचवते. काकांनी चष्मा वर करून दोन वेळा वाचले.

आणि मग किल्लीचा प्रश्न आला. हल्ली पाहुण्यांत पासवर्ड ठेवतच नाहीत, एसएसएचच्या किल्लीवर काम भागते आणि रूट म्हणजे घरधनी कुलूपबंद असतो. ते चांगलेच आहे. पण कन्सोलला एसएसएचची किल्ली चालत नाही, तो सरळ नाव आणि पासवर्ड विचारतो. म्हणजे दार केले, चौकट बसवली, कडी लावली, आणि किल्ली घडवलीच नाही असा प्रकार. यंत्र अडचणीत उठले तर ते रूटचाच पासवर्ड मागते; रूट कुलूपबंद असेल तर तेवढे सांगून गप्प बसते. म्हणून रूटला पासवर्ड द्यायचा, कन्सोलपुरताच. एसएसएचने रूट येऊ नये ही बंदी तशीच.

तो ठेवायचा कुणाजवळ? कन्सोल हातात असलेला माणूस यंत्राचा मालक असतो. तो ते बंद करील, उठताना मध्येच थांबवील, हवे ते करील. काका हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या देवडीला दरवान होता. पण जनाने दाराची चावी त्याच्याकडे नसायची. ती आजीच्या कमरेला." पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला. चार शब्दांचा, त्यांतले दोन उर्दू. मी टाइप करून घेतला, त्यांनी तो रोमन अक्षरांत एका कागदावर लिहिला, लिफाफ्यात घातला, डिंक लावला आणि देवघरामागच्या कपाटात ठेवला. मी माझ्याजवळ लिहून घेतला नाही, तसेच ठरले होते.

निघण्यापूर्वी रंगीत तालीम केली. पाहुण्याचे नेटवर्क मीच बंद केले, पुढचे दार बंद झाल्याची खात्री केली, आणि कन्सोलने शिरून ते पुन्हा सुरू केले. तालीम न केलेले मागील दार म्हणजे भिंतीवर काढलेले दार. हे मी कार्यालयातही सांगत आलो आहे आणि तिथे ऐकतात निम्मेच.

२०२० चा मार्च आला, टाळेबंदी आली. जूनमध्ये मी गावी परतलो, घरूनच नोकरी. काकांची नात पुण्यात अडकली, बाहेरच्या डिस्कवरची नक्कल तिच्याबरोबर, मार्चपर्यंतची. काकांना मात्र बसवेना. त्यांनी फोनवर विचारत विचारत स्कॅनर चालवायला शिकून घेतले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज दहा-बारा पाने टिपू लागले. रोजनिश्या त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. १९४२ पासून पुढचे सगळे त्यांनी एकट्याने केले. काही पाने काचेवर ठेवली तेव्हा पाने होती, उचलली तेव्हा नव्हती. बोटांत चुरा राहिला. म्हणजे त्या पानांचे जे काही उरले ते त्या यंत्रातच.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र हैदराबादकर विसरणार नाहीत. एवढा पाऊस शहराने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. वस्त्या बुडाल्या, माणसे गेली. काकांचे घर उंचावर, चौकात घोटाभर पाणी आले तेवढेच, पण वीज गेली, आली, परत गेली, आणि यूपीएसने केव्हातरी मान टाकली. दोन दिवसांनी वीज स्थिर झाली. यजमान यंत्र उठले. मी इकडून त्यात शिरलो, तर सूचीवाला जागा, नक्कलवाला जागा, स्कॅनवाल्याचा पत्ता नाही. हाकेला ओ नाही. बाहेरून पाहणाऱ्याने मेला म्हणून सांगितले असते.

आमच्याकडेही पाऊस लागलेला. मोबाइलला एखादी काडी, तीही सोप्यातल्या एका खिडकीशी. व्हीएनसीचे चित्र निम्मे येऊन थांबले. मग व्हर्श कन्सोल. काळा पडदा. एन्टर. आणि ओळ आली: डिस्कच्या तपासणीत गडबड निघाली आहे, आपोआप दुरुस्त करता येत नाही, मी आणीबाणीत उभा आहे, देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या. तो मेला नव्हता. दोन दिवस तसाच उभा राहून वाट पाहत होता, फक्त त्याचे बोलणे ज्या दिशेला चालले होते तिकडे कुणी नव्हते.

मी आत गेलो नाही. आधी त्याला यजमानावरून बंद केले आणि त्याच्या डिस्कच्या फाइलची जशीच्या तशी नक्कल करून ठेवली. दुरुस्तीत आणखी बिघडले तर परतायला जागा हवी. त्यात पहाट झाली. मग काकांना फोन लावला. लिफाफा निघाला. काकूंनी कात्रीने कापला हे मला ऐकू आले. काका एकेक अक्षर वाचू लागले, "एम, मुंबईचा. यू, उदगीरचा. एन, नांदेडचा..." मुंबई सोडली तर गावे मराठवाड्यातली. एका अक्षराशी अडले. "हे आर आहे का के, माझेच अक्षर मला लागेना." मग हसून म्हणाले, "थांबा, शब्द मला पाठ आहे." आणि शब्दच सांगितला.

आत गेल्यावर फाइल-व्यवस्थेची तपासणी हाताने चालवली. ती विचारते, हे दुरुस्त करू? ते दुरुस्त करू? सगळ्याला एकदम हो म्हणायची सोय आहे. मी एकेक प्रश्न वाचून हो म्हटले, काका पलीकडे फोन कानाला लावून बसलेले. मधून विचारत, "किती राहिले?" तास गेला. यंत्र पुन्हा उठवले, नेटवर्क आले, फोल्डर दिसले. मोजदाद केली तर सुमारे अकरा हजार पानांपैकी सदतीस कमी.

ती सदतीस गेली नव्हती. अशी तपासणी ज्या फाइलींची नावे आणि ठिकाण हरवले त्यांना एका फोल्डरात टाकते, त्याचे नावच हरवले-सापडले असे. आत नावाच्या जागी नुसते आकडे. चित्र शाबूत, पण हे कुठल्या वर्षाचे, कुठल्या वहीतले, काही नाही.

पुढे २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक सहाएक तास जगातून नाहीसे झाले, तेव्हा मला हीच रात्र आठवली. त्यांचे पुढचे दार गेले आणि आडवाटेचे नेटवर्कही त्याच्याबरोबर गेले. शेवटी माणसांना डेटा सेंटरपर्यंत जावे लागले. ॲमेझॉनने आपल्या भाड्याच्या यंत्रांना बोलता येईल असा सिरियल कन्सोल दिला तो २०२१ च्या मार्चमध्ये, सेवा सुरू झाल्यावर जवळजवळ पंधरा वर्षांनी. तोवर पाहुणा काय बोलला ते वाचायला मिळे, उत्तर देता येत नसे! आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे एकदम आडवी झाली. उपाय दोन मिनिटांचा, एक फाइल पुसायची. पण यंत्र उठतच नाही तर पुसणार कोण आणि कुठून? ज्यांच्याकडे कन्सोल होता ते बसल्या जागी मोकळे झाले. बाकीच्यांनी पाहुण्यांच्या डिस्क सोडवून दुसऱ्या यंत्रांना जोडल्या, किंवा टेबलाटेबलाशी फिरले. त्या दिवशी हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला, त्याचे छायाचित्र सगळीकडे फिरले. मी ते काकांना दाखवले. ते म्हणाले, "अक्षर चांगले आहे."

त्या सदतीस पानांचे काय झाले ते सांगायचे राहिले. काकांनी ती स्वतः लावली. मी एकेक चित्र पाठवायचे, त्यांनी पाहायचे. शाई बदललेली दिसली की म्हणायचे, "हे त्रेचाळीसनंतरचे, तेव्हा काळी मिळेना, निळी वापरत." एका पानावर कडेला बाजाराचा हिशेब होता, त्यातल्या ज्वारीच्या भावावरून त्यांनी महिना काढला. एका पानावर फक्त एक ओळ, कुणाच्यातरी बाळंतपणाची. ती त्यांची स्वतःची जन्मतारीख निघाली, फसली सनात. हे पान त्यांनी आपण टिपले तेव्हा वाचलेच नव्हते. घाईत, चुरा होण्याआधी काचेवर ठेवायचे म्हणून. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मागून काकूंचा आवाज आला, काय झाले म्हणून.

पस्तीस पाने अशी जागेवर गेली. दोन राहिली. त्यांचे अक्षर वडिलांचे नाही, काकांच्या ओळखीतल्या कुणाचेही नाही. मजकूर मराठीच, कुणीतरी दुसऱ्याच्या वहीत बसून लिहावा तसा. नातीने म्हटले, "अज्ञात" असे फोल्डर करू. काका नको म्हणाले. ती अजून त्या आकड्यांच्याच नावाने आहेत, आणि कुणी जुने माणूस घरी आले की काका आधी त्यांना माडीवर नेऊन ती दोन दाखवतात.